पुण्यात राहून शिडाच्या नौकेवर सागरविज्ञान आणि सागरी वारसा शिकता येईल का?

आपण पुण्यात भूशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहात, शिडाच्या जहाजावर राहून समुद्राचे शास्त्र आणि इतिहास एकत्र शिकवणाऱ्या परदेशी अभ्यासक्रमांविषयी आपण ऐकले आहे, आणि ‘घाटावर बसून कसला समुद्र शिकणार’ असे घरचे म्हणतात, असा आपला प्रश्न आहे. शिकता येईल, असे माझे उत्तर आहे. मात्र सुरुवात जहाजापासून न करता भरती-ओहोटीपासून करावी. हे मला जरा उशिरा समजले.

काही वर्षांपूर्वी आम्ही पुण्याचे पाच जण मुंबईतल्या एका प्रशिक्षकासह लहान शिडाच्या बोटीने रेवसच्या बाजूला निघालो होतो. त्या दिवशी चतुर्थी होती आणि सकाळचे आठ वाजून गेले होते. खाडीच्या तोंडाशी बोट गाळात रुतली आणि पाणी उतरत गेले तशी एका कुशीवर कलली. शेजारून जाणाऱ्या होडीतल्या वयस्कर तांडेलांनी, म्हणजे होडीच्या प्रमुखांनी, आम्हाला विचारले, “आज तिथी कोणती, ते बघितलंत काय?” तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब त्यांनी सांगितला. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता भरती आणि साधारण सहा तासांनी, नऊच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. आम्ही नेमके ओहोटीच्या तोंडावर तिथे पोहोचलो होतो. पाणी चढून बोट सुटेपर्यंत आमच्याकडे विचार करायला भरपूर वेळ होता.

या हिशेबामागे खगोलशास्त्र आहे. चांद्रमासाच्या तीस तिथींमध्ये भरतीची वेळ घड्याळाचे चोवीस तास फिरून येते, म्हणजे दर तिथीला ती सरासरी ४८ मिनिटांनी पुढे सरकते. पाऊणपटीचा नियम ४५ मिनिटे धरतो, त्यामुळे पौर्णिमेपर्यंत तो सुमारे पाऊण तासाने मागे पडतो. मुंबईच्या किनाऱ्यावर पौर्णिमेची भरती बाराच्या आसपास येते आणि नियम मात्र सव्वाअकरा सांगतो. ही तफावत महिनाभर वहीत मांडून पाहिली, तर ज्याला आपण सागरविज्ञान म्हणतो आणि ज्याला आपण वारसा म्हणतो, ते दोन वेगळे विषय नसल्याचे आपल्याला पुस्तकाशिवाय दिसेल. इंजिनाच्या बोटीत हे कळायला वेळ लागतो, कारण तिथे चूक डिझेलने झाकता येते.

वाऱ्याचेही तसेच आहे. शाळेत पाठ केलेले खारे वारे आणि मतलई वारे शिडाखाली बसल्यावर कामाचे होतात: पहाटे जमिनीकडून येणाऱ्या मतलईवर बाहेर पडायचे आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परतायचे. १६७९ मध्ये अलिबागजवळच्या खांदेरी बेटापाशी इंग्रजांची मोठी जहाजे उभी असतानाही मराठ्यांच्या लहान होड्या बेटावर ये-जा करू शकल्या, त्यामागे शौर्याइतकाच कमी खोल तळाचा आणि वल्ह्यांचा भाग होता. वारा पडला की मोठे जहाज जागीच राहते, वल्ह्याची होडी मात्र उथळ पाण्यातूनही निघून जाते. खांदेरीच्या आसपास वारा पडल्यावर अर्धा तास नुसते बसून पाहा. मला तो प्रसंग तिथे जितका समजला, तितका कोणत्याही व्याख्यानात समजला नव्हता.

मोजमापाला महाग उपकरणे लागत नाहीत. आम्ही ३० सेंटिमीटर व्यासाच्या ताटाला पांढरा रंग देऊन, मधोमध वजन बांधून, एकेका वावावर (पसरलेल्या दोन हातांइतक्या अंतरावर) गाठी मारलेल्या दोरीने ते पाण्यात सोडत होतो. ताट दिसेनासे होते ती खोली म्हणजे पाण्याच्या पारदर्शकतेचे माप. ही एकोणिसाव्या शतकातल्या सेक्की तबकडीची घरगुती आवृत्ती आहे. मुंबई बंदरात गाळामुळे ती हातभरातच नाहीशी झाली, तेव्हा वावाच्या गाठींचे आम्हालाच हसू आले.

परदेशी अभ्यासक्रमांपैकी अमेरिकेतल्या वुड्स होल येथील सी एज्युकेशन असोसिएशन ही १९७१ पासूनची संस्था रॉबर्ट सी. सीमन्स आणि कॉर्विथ क्रेमर या शिडाच्या जहाजांवर विद्यार्थ्यांकडून पहारे, नमुने आणि जहाजाची कामे करून घेते. खर्च मोठा आहे, आणि भरती-वाऱ्याची ओळख नसताना तो करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडची आयएनएस तरंगिणी आणि आयएनएस सुदर्शिनी ही नौदलाची प्रशिक्षण जहाजे असल्याने तो रस्ता गणवेशातून जातो. २०२५ मध्ये नौदलात दाखल झालेली आयएनएसव्ही कौंडिण्य ही काथ्याने शिवलेली नौका मात्र अवश्य अभ्यासा. तिचा आधार अजिंठ्यातले पाचव्या शतकातले चित्र आहे, आणि चित्रावरून तळाचा आकार मोजता येत नसल्याने आयआयटी मद्रासमध्ये प्रतिकृतीच्या चाचण्या कराव्या लागल्या.

पुण्यातच खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, तिथे बंदरांच्या प्रतिकृतींवर लाटा आणि भरतीचा अभ्यास होतो. महाविद्यालयामार्फत भेटीची विचारणा करा. मुंबईच्या क्लबांतले शिडाचे प्राथमिक वर्ग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत शनिवार-रविवारी करता येतात. बोट लागत असल्यास औषध आधीच घ्यावे, मळमळ सुरू झाल्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही. पावसाळ्यात, नारळी पौर्णिमेपर्यंत, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. ते महिने मोडी शिकायला वापरा, कारण मराठा आरमाराचे बरेचसे कागद त्याच लिपीत आहेत.