तनोट आणि सम एकाच दिवशी? नका करू

डिसेंबरात आईबाबांना घेऊन जैसलमेर, आणि टूरवाल्याने तनोट, लोंगेवाला, समची वाळू असं सगळं एका दिवसात कोंबलंय, जमेल का, असं विचारलंय तुम्ही. कपाळावर हात मारला. नागपुरातल्याच एका ऑफिसातून हाच कार्यक्रमाचा कागद आम्हालाही मिळाला होता.

किल्ला, हवेल्या, गडीसर तलाव कुणीही सांगेल. तुम्ही आधी नकाशा उघडा. तनोट वायव्येला, साधारण १२० किलोमीटर. रामगडवरून जायचं, येताना लोंगेवाला. सम पश्चिमेला, चाळीसेक किलोमीटर. बेरीज तीनशेच्या घरात जाते. रस्ता मस्त आहे, पण तनोटच्या देवळात १९६५ च्या युद्धातले न फुटलेले गोळे ठेवलेत, लोंगेवाल्याला १९७१ च्या लढाईतले रणगाडे. तिथून बाबा लवकर हलतील असं वाटत नाही.

आम्ही समला पोचलो तेव्हा मिट्ट काळोख. कागदावर ‘सूर्यास्त दर्शन व उंट सफारी’. उंटवाला म्हणाला, सूरज तो गया साब, मोबाईल की बत्ती में बैठ जाओ. आई साडीत, उंट उठताना आधी मागून उचलतो, ती जी किंचाळली! तंबू जनरेटरला खेटून. नागपूरला फोन केला तर ‘तिथल्या मॅनेजरशी बोला’, मॅनेजर म्हणे ‘बुकिंग नागपूरचं, त्यांना विचारा’. परत आल्यावर ऑफिसात गेलो. एसीत बसलेल्या पोराने गार पाणी दिलं आणि पावतीच्या मागची मुंगीएवढ्या अक्षरातली ओळ बोटाने दाखवली: कार्यक्रमात बदलाचे अधिकार कंपनीकडे. पैसा परत नाही तो नाहीच. असो, बीपी वाढतं.

माझं मत विचाराल तर दोन वेगळे दिवस करा. एक दिवस फक्त तनोट-लोंगेवाला. दुसऱ्या दिवशी सकाळी लोद्रव्याचं जैन मंदिर, कुलधरा हे ओसाड गाव, आणि चारच्या आत समच्या वाळूत. तिकडे सूर्य आपल्यापेक्षा उशिरा उगवतो-मावळतो. डिसेंबरात मावळायला सहा धरा. एकच दिवस असेल तर तनोट सोडा. बाबा फौजेतले असतील तर मात्र सम सोडा! गर्दी-डीजे नको असेल तर समऐवजी खुडी गावाकडची वाळू बघा, मला तरी तीच आवडली. आणि सफारी किती वेळ, तंबू नेमका कुठे, हे व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या, तोंडी काही नको.

तनोटच्या पुढे सीमेपर्यंत जायला वेगळी परवानगी लागते. नियम बदलत असतात, त्यामुळे माझ्या भरवशावर न राहता निघण्याआधी विचारा. सगळ्यांची मूळ ओळखपत्रं जवळ असू द्या.

पक्ष्यांची आवड असेल तर डेझर्ट नॅशनल पार्कसाठी सकाळ काढा. एकेकाळी आपल्या वरोऱ्याकडे दिसणारा माळढोक तिकडे अजून आहे, गोडावण म्हणतात त्याला. दिसेलच याची हमी मात्र कुणी देत असेल, तर तो आमचाच टूरवाला समजा.