ट्रेलरमध्ये कोमट पाणी: हीटर बदलण्याआधी पाइप बघा

तुमची अडचण थोडक्यात अशी: मिशिगनमध्ये घेतलेला वापरलेला ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर), हिवाळ्यानंतरची पहिलीच सहल, सबर्बन कंपनीचा ६ गॅलनचा पाण्याचा हीटर. गॅसवर बर्नर पेटल्याचा आवाज येतो, तरी शॉवरला पाणी कोमटच. विजेवर लावला तर पाणी गारच राहतं. दुरुस्तीवाल्याचं म्हणणं, अख्खा हीटर बदला.

एवढ्यात बदलू नका. बर्नर पेटून पेटता राहत असेल तर गॅस, ठिणगी आणि कंट्रोल बोर्ड तिन्ही ठीक आहेत. इथे दोन वेगळी दुखणी एकत्र आलेली दिसतात. कोमट पाणी हे पाइपांचं दुखणं, विजेचं बंद पडणं हे एलिमेंटचं किंवा त्याच्या स्विचचं.

आधी पाइप. हिवाळ्यात पाइप फुटू नयेत म्हणून त्यांत गुलाबी अँटिफ्रीझ, म्हणजे न गोठणारा द्रव, भरतात. ते टाकीत भरलं तर ६ गॅलन वाया जातं, म्हणून हीटरच्या मागे बायपास, म्हणजे टाकी वगळणारी वाट, असतो. बहुतेक ठिकाणी तीन व्हॉल्व्ह असतात: खालच्या थंड पाइपवर एक, वरच्या गरम पाइपवर एक, आणि दोन्ही पाइप जोडणाऱ्या मधल्या तुकड्यावर एक. वापराच्या दिवसांत पहिल्या दोघांच्या दांड्या पाइपला समांतर म्हणजे उघड्या, आणि मधली पाइपला आडवी म्हणजे बंद हवी. मधला व्हॉल्व्ह थोडा जरी उघडा राहिला तरी थंड पाणी टाकीला वळसा घालून थेट गरम पाइपमध्ये शिरतं. टाकीत पाणी चांगलं तापलेलं असतं, तुमच्या अंगावर मात्र कोमट पडतं. हीटरचा मागचा भाग बहुधा पलंगाखाली किंवा स्वयंपाकाच्या कपाटामागे एखाद्या फळीआड असतो. चार स्क्रू काढावे लागतील, त्यात कंटाळा करू नका.

दांड्या बरोबर आहेत पण खात्री नाही, तर अशी चाचणी घ्या. हीटर पूर्ण बंद करा. पंप किंवा कॅम्पच्या जागेवरच्या नळाचं पाणी चालू ठेवा, हीटरचा थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा आणि सिंकचा फक्त गरम नळ उघडा. क्षणभर पाणी येऊन थांबलं पाहिजे. धार चालूच राहिली तर थंड पाणी दुसऱ्या कुठल्यातरी वाटेने गरम पाइपमध्ये घुसतंय.

ही वाट सहसा बाहेरच्या शॉवरमध्ये सापडते. ट्रेलरच्या अंगावर छोट्या झाकणामागे तो हँडशॉवर असतो ना, तिथेच. पाय धुऊन झाले की लोक हातातल्या शॉवरचं बटण दाबून पाणी थांबवतात, पण मागचे गरम-थंड दोन्ही नळ उघडेच राहतात. मग त्या मिक्सरमध्ये दोन्ही पाइप एकमेकांत मोकळे. आतल्या शॉवरच्या बटणाचंही तेच. साबण लावताना पाणी वाचवायला ते दाबणं ठीक, पण आंघोळ झाल्यावर दोन्ही नळ हातानेच बंद करायचे. बाहेरचे दोन्ही नळ घट्ट बंद करून चाचणी पुन्हा घ्या. तरीही धार येत असेल तर मधला बायपास व्हॉल्व्ह आतून गळतोय किंवा एखाद्या एकदांडी मिक्सरचं कार्ट्रिज गेलंय. मिक्सरखालचे पाइप हाताने चाचपा, जिथे गरम पाइप एकदम गार लागेल तिथे दोष.

गरम पाण्याची धारच बारीक असेल तर प्रकरण वेगळं. टाकीच्या गरम तोंडाशी एकदिशा झडप असते आणि ती प्लास्टिकची असेल तर अडकते. पितळेची बसवा.

आता वीज. सबर्बनच्या बऱ्याच मॉडेलना विजेसाठी दोन स्विच असतात: एक आतल्या पॅनेलवर आणि एक बाहेर, हीटरच्या जाळीदार दाराआड खालच्या कोपऱ्यात, छोटा काळा. हा बाहेरचा स्विच कित्येकांना वर्षभर दिसतच नाही. मग ब्रेकर बघा. मग त्याच दाराआडच्या काळ्या रबरी झाकणाखालची दोन रीसेट बटणं: एक गॅसच्या सर्किटचं, दुसरं विजेचं. पाणी साधारण १८० अंश फॅरनहाइटच्या पुढे गेलं की ती उडतात. दाबल्यावर टक् असा आवाज आला तर ते उडालेलं होतं. एकदा उडणं चालतं, पुन्हापुन्हा उडत असेल तर थर्मोस्टॅट बदला.

एवढं करूनही गार असेल तर एलिमेंट जळलाय असं धरा. कारण जवळजवळ नेहमी एकच, टाकी रिकामी असताना तो चालू झाला. वसंतात कोणीतरी ट्रेलरचा प्लग लावतं, बाहेरचा स्विच मागच्या वर्षीपासून चालूच असतो, टाकी कोरडी, आणि काही मिनिटांत तार तुटते. तपासायला बाहेरच्या विजेचा प्लग उपसून ठेवा, नुसता ब्रेकर पाडून भागवू नका. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद. एलिमेंटच्या दोन्ही तारा सोडवून मल्टिमीटर ओहमवर लावा. १२० व्होल्ट, १४४० वॅटच्या एलिमेंटला सुमारे १० ओहम दिसले पाहिजेत. काहीच दिसलं नाही तर तार तुटलेली. एलिमेंटचं टोक आणि टाकीची धातू यांच्यात काही रीडिंग आलं तर आतून शॉर्ट आहे, तोच ब्रेकर पाडतो. नवा आणताना व्होल्ट आणि वॅट तेच घ्या. (इकडे येताना भारतातल्या गीझरचा एलिमेंट आणण्याचा विचार कोणी करू नये. २३० व्होल्टचा २००० वॅटचा एलिमेंट १२० व्होल्टवर जेमतेम ५४४ वॅट देतो.) टाकी रिकामी करूनच जुना काढा, नवीन गॅस्केट घाला, आणि सगळ्यात महत्त्वाचं: गरम नळातून हवा संपून सलग धार आल्याशिवाय स्विचला हात लावू नका.

रिकामी करतानाचा क्रम चुकवू नका. गॅस, वीज दोन्ही बंद. पाणी गार होऊ द्या, रात्रभर ठेवलं तर उत्तम. पंप आणि नळी बंद, मग एक गरम नळ उघडून दाब काढा, मगच खालचा प्लग. दाबाखाली गरम पाणी असताना प्लग काढला तर भाजणं ठरलेलंच. सबर्बनमध्ये हा प्लग म्हणजेच मॅग्नेशियमचा अॅनोड, त्याला १ १/१६ इंचाचं सॉकेट लागतं. टाकी पोलादाची असते, तिच्याऐवजी हा दांडा झिजतो. तीन चतुर्थांश झिजला असेल तर बदला, आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा. अॅटवूड या दुसऱ्या कंपनीची टाकी अॅल्युमिनियमची असते, तिला अॅनोड लागत नाही, प्लास्टिकचाच प्लग पुरतो. उघडलेलीच आहे तर नळीची कांडी घालून आतला पांढरा गाळ धुऊन काढा.

गॅसची बाजू तुमच्याकडे चालते आहे, तरी एकदा बाहेर उभं राहून ज्योत बघा. निळी आणि घोंगावणारी हवी. पिवळी, आळशी, काजळी धरणारी असेल तर बर्नरच्या नळीत कोळ्याचं जाळं किंवा कुंभारीण माशीचं मातीचं घर असतं. हे किडे तिथे हमखास घरोबा करतात. गॅस बंद करून नळी ब्रशने साफ करा. नुसतं टक्‌टक् होऊन पेटतच नसेल तर आधी स्टोव्ह पेटवून पाइपातली हवा काढा, सिलिंडरचा व्हॉल्व्ह सावकाश उघडा (झटक्यात उघडला तर जास्त प्रवाह रोखणारी झडप अडते), आणि बॅटरीचे व्होल्ट मोजा. गॅसवरसुद्धा बोर्डाला १२ व्होल्ट लागतात.

अपेक्षाही मापात ठेवा. ६ गॅलन म्हणजे जेमतेम २३ लिटर, आपल्याकडच्या दीड बादलीएवढं. ६० अंश फॅरनहाइटचं पाणी १३० अंशांपर्यंत न्यायला १२,००० बीटीयूच्या (ताशी उष्णतेचं माप) बर्नरला पंचवीसेक मिनिटं, एलिमेंटला पाऊण तास. दोन्ही एकत्र लावले तर पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. मिनिटाला २ गॅलनच्या शॉवरखाली आंघोळीजोगं पाणी चार मिनिटांच्या आसपास पुरतं, मग गार पडणं हा बिघाड नाही. आणि ३० अँपियर वीज मिळणाऱ्या कॅम्पच्या जागेवर एलिमेंट एकटाच १२ अँपियर खातो, त्यामुळे एसी आणि मायक्रोवेव्ह बरोबर चालवले की ब्रेकर पडणारच. तेव्हा गॅसवर जा.

तापताना वरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकलं तर लगेच तो बदलू नका. टाकीच्या माथ्याशी हवेचा कप्पा लागतो, तो काही दिवसांत पाण्यात विरतो आणि फुगलेल्या पाण्याला जागा उरत नाही. हीटर गार आणि पाणी बंद असताना गरम नळ उघडा, सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी उचला, पाणी यायचं थांबेपर्यंत धरा आणि सोडून द्या. कप्पा परत तयार होतो. त्यानंतरही ठिबकत राहिला तरच नवा घ्या, १५० पीएसआय (दाबाचं माप) आणि २१० अंश फॅरनहाइटचाच.