दोन लिंक बांधल्या, तरी एकच का पळते?

या वेळच्या पत्रांत एकाच विषयाची गर्दी आहे: लिंक ॲग्रिगेशन. राउटर-स्विचमधल्या दोन-चार केबल एकत्र बांधून त्यांची एकच लिंक करायची. कुणी याला बाँडिंग म्हणतं, कुणी लॅग, सिस्कोवाले पोर्ट-चॅनल. मानकात याचं नाव ८०२.३एडी, आणि त्यात दोन टोकं एकमेकांशी ज्या नियमांनी बोलतात तो एलएसीपी. निवडक पत्रं थोडक्यात देते आहे, उत्तरं मात्र थोडक्यात जमलेली नाहीत.

प्रश्न: ताई, मी इचलकरंजीत एका लोकल इंटरनेटवाल्याकडे कामाला आहे. ऑफिसच्या राउटरपासून शेजारच्या गावातल्या राउटरपर्यंत एकेक गिगाबिटच्या दोन फायबर आहेत. दोन्हीकडे मायक्रोटिक कंपनीचे राउटर. बाँडिंग केलं, मोड ८०२.३एडी दिला. बाँड लगेच वर आला. पण संध्याकाळी गिऱ्हाइकं वाढली की एक पोर्ट ९५० एमबीपीएसला टेकतो आणि दुसरा झोपलेला असतो. एसएफपी (फायबर लावायचे छोटे मॉड्यूल) बदलले, पॅचकॉर्ड बदलल्या, फायबरची पॉवर मोजली, सगळं ओके. मालक म्हणतात दुसरी फायबरच खराब आहे.

उत्तर: फायबर ठणठणीत आहे. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं चाललंय तुमचं. फायबर खराब असती तर तो पोर्ट बाँडमध्ये टिकलाच नसता. लिंक जिवंत आहे, तिच्या वाट्याला कोणी काही देत नाही एवढंच.

बाँड पाकिटं एक इकडे, एक तिकडे अशी वाटत नाही. तशी वाटली तर ती मागेपुढे पोचतात, टीसीपीला (पाकिटं नीट पोचली का ते बघणाऱ्या नियमाला) वाटतं मधलं पाकीट हरवलं, आणि तो वेग कमी करतो. म्हणून ८०२.३एडीचा दंडकच आहे की एका संभाषणाची सगळी पाकिटं एकाच लिंकवरून, क्रमाने जायची. कोणतं संभाषण कोणत्या लिंकवर टाकायचं ते हॅश ठरवतो. पाकिटावरचे पत्ते घ्यायचे, त्यांचं गणित करून लिंकच्या संख्येने भागायचं. बाकी शून्य आली तर पहिली लिंक, एक आली तर दुसरी.

खरी मेख इथेच आहे. पत्ते कोणते घ्यायचे? राउटरओएसमध्ये (मायक्रोटिकच्या प्रणालीत) ट्रान्समिट हॅश पॉलिसीला हात लावला नाही तर ती ‘लेयर-२’ असते, म्हणजे फक्त मॅक ॲड्रेस, यंत्राच्या पोर्टचा स्वतःचा पत्ता. आणि तुमच्या दोन राउटरमध्ये मॅक आहेतच किती? एक इकडचा, एक तिकडचा. मागे हजार गिऱ्हाइकं असली तरी राउटर पाकीट पुढे ढकलताना त्यावर स्वतःचा मॅक लावतो. पत्ते कायम तेच, म्हणून बाकीही कायम तीच, म्हणून लिंकही तीच.

बाँडच्या सेटिंगमध्ये जाऊन पॉलिसी ‘लेयर-३-अँड-४’ करा. टर्मिनलवर: इंटरफेस बाँडिंग सेट बाँड१ ट्रान्समिट-हॅश-पॉलिसी=लेयर-३-अँड-४. आता आयपी आणि पोर्ट नंबरही गणितात येतील, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाची प्रत्येक जोडणी वेगळी मोजली जाईल.

हे दोन्ही राउटरवर करायचं. एलएसीपी दोन्ही टोकांची ओळखपाळख करून देतो, पण हॅशबद्दल अवाक्षर बोलत नाही. प्रत्येक टोक फक्त स्वतः काय पाठवतं त्याची वाटणी करतं. गिऱ्हाइकाचं डाउनलोड ऑफिसकडून गावाकडे जातं, म्हणजे त्याची वाटणी ऑफिसच्या राउटरच्या हातात. तिथे बदललंत की संध्याकाळचा आलेख सुधारेल आणि सगळे खूश होतील. गावाकडचा राउटर तसाच राहिला तर अपलोड एकाच लिंकवर राहील, आणि ते कुणाच्या लक्षातही येणार नाही. मग एखादा सूतगिरणीवाला रात्रभर कॅमेऱ्यांचं फुटेज वर पाठवायला लागेल आणि तुम्ही पुन्हा पॅचकॉर्ड बदलत बसाल.

दोन ठिकाणी हा उपाय लागू पडत नाही. दोन राउटरमध्ये ईओआयपी टनेल (सगळी पाकिटं एकाच वेष्टनात नेणारी नळी) टाकून सगळं त्यातून नेत असाल, तर बाहेरून ते एकच संभाषण दिसतं. कोणतीही पॉलिसी लावा, एकच लिंक पळणार. दुसरं म्हणजे गावचा राउटर नुसता ब्रिज (पाकिटं न बदलता पुढे देणारा) असेल आणि पीपीपीओई सेशन (गिऱ्हाइकांची लॉगिन) ऑफिसला संपत असतील, तर पाकिटाच्या आतला आयपी हॅशला दिसेलच असं नाही. मात्र तिथे प्रत्येक गिऱ्हाइकाच्या राउटरचा मॅक वेगळा असतो, त्यामुळे लेयर-२ सुद्धा बऱ्यापैकी वाटणी करतं. काही झालं तरी अगदी निम्मं-निम्मं मिळणार नाही. साठ-चाळीस आलं तरी समाधान माना.

प्रश्न: नाशिकला घरून काम करतो. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची १०० एमबीपीएसची ब्रॉडबँड घेतली आहेत. राउटरच्या मेनूत लिंक ॲग्रिगेशन दिसतं. ते सुरू केल्यावर २०० मिळतील का?

उत्तर: नाही. एलएसीपी बोलतो तो केबलच्या पलीकडच्या टोकाशी, आणि बांधलेल्या सगळ्या केबलची पलीकडची टोकं एकाच यंत्रात, किंवा एक असल्यासारख्या वागणाऱ्या दोन यंत्रांत, असावी लागतात. तुमच्या दोन केबल दोन कंपन्यांच्या दोन डब्यांत जातात. त्या डब्यांना एकमेकांचा पत्ताही नाही. तुम्हाला हवं ते ‘ड्युअल वॅन’, म्हणजे एका राउटरने दोन इंटरनेट लाइन सुट्या सुट्या वापरणं. त्यात एक फाइल १००च्याच वेगाने उतरेल, पण मुलांचं यूट्यूब एका लाइनवर आणि तुमची मीटिंग दुसरीवर जाऊ शकेल, आणि एक लाइन गेली तर दुसरी सांभाळेल. नेटबँकिंग मध्येच लॉगआउट करत असेल तर तुमचा संगणक एकाच लाइनला बांधून टाका. एकाच सेशनमध्ये आयपी बदललेला बँकांना खपत नाही.

प्रश्न: मॅडम, रत्नागिरीजवळ आमचा आंब्याच्या पल्पचा कारखाना आहे. कारखाना ते ऑफिस दोन फायबर, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि साधी केबल यांना जोडणारे डबे), तिथून साधी केबल राउटरला. बाँडचा मोड बॅलन्स-एक्सओआर. वादळात एक झाड तारांवर पडलं, तेव्हापासून निम्म्या वेबसाइट उघडतात आणि निम्म्या नाहीत. एका संगणकावर टॅली चालते, शेजारच्यावर अडकते. राउटरवर दोन्ही पोर्टचे दिवे हिरवे आहेत. रीस्टार्ट करूनही तेच.

उत्तर: ‘निम्मं चालतं, निम्मं नाही, आणि न चालणारं रोज तेच’ असं कुणी सांगितलं की मी व्हायरसच्या, डीएनएसच्या वाटेला न जाता आधी बाँड उघडून बघते.

झाडाखाली तुमची एक फायबर तुटली आहे. पण राउटरला ती दिसतच नाही. त्याची केबल जाते कन्व्हर्टरपर्यंत, कन्व्हर्टरला वीज आहे, म्हणून राउटरच्या लेखी लिंक चालू. बॅलन्स-एक्सओआर, म्हणजे एलएसीपीविना हॅशने वाटणारा मोड, फक्त तेवढंच बघतो. मग हॅशने ज्या जोडण्या त्या लिंकच्या वाट्याला येतात त्या सगळ्या झाडाखाली जाऊन संपतात. पत्ते तेच असले की हॅशही तोच, म्हणून रीस्टार्टनंतरही टॅली त्याच संगणकावर अडकते. खात्री करायची असेल तर दोन्ही टोकांना एकाच जोडीचा पोर्ट डिसेबल करा. सगळं सुरळीत झालं तर मेलेली फायबर तीच. झालं उलटं, सगळंच बंद पडलं, तर दुसरी.

फायबर जोडून घ्यालच, पण त्यासोबत मोड बदला. दोन्हीकडे ८०२.३एडी करा. त्यात दोन्ही टोकं एकमेकांना सतत छोटी पाकिटं पाठवतात, आणि ती यायची थांबली की दिवा हिरवा असला तरी ती लिंक बाँडमधून बाहेर काढतात. दोन तारांपैकी एकच तुटली, म्हणजे जाणं चालू आणि येणं बंद, तरी हे लक्षात येतं. एलएसीपी रेट नेहमी ३० सेकंदांचा असतो; तीन पाकिटं चुकली की लिंक गेली असं धरतात, म्हणजे ९० सेकंद अंधार. तो १ सेकंद करा, मग ३ सेकंदांत निकाल लागतो. हा रेट म्हणजे समोरच्याला केलेली ‘मला इतक्या वेळाने पाठव’ ही विनंती असते, म्हणून दोन्हीकडे करायचा.

एक धोका आहे. काही स्वस्त मीडिया कन्व्हर्टर आतून दोन पोर्टचे स्विचच असतात, आणि एलएसीपीची पाकिटं ज्या राखीव पत्त्यावर जातात त्या पत्त्याची पाकिटं स्विच पुढे पाठवत नाही, स्वतःच गिळतो. तसं झालं तर बाँड उभाच राहणार नाही. कन्व्हर्टरच्या पोटाशी ‘लिंक फॉल्ट पास-थ्रू’ची बारकी बटणं आहेत का बघा, ती चालू केली की फायबर गेल्यावर तो राउटरकडचा दिवाही विझवतो. आणि राउटरला एसएफपी पोर्ट असतील तर कन्व्हर्टर काढूनच टाका. तेवढे चार ॲडॅप्टर आणि त्यांचे प्लग कमी.

प्रश्न: पुण्यात लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ आहे. नॅसचे (नेटवर्कवर फाइली साठवणाऱ्या डब्याचे) दोन्ही पोर्ट एलएसीपीने स्विचला बांधले, तरी माझ्या संगणकावरून कॉपी करताना ११० एमबीच्या वर जात नाही.

उत्तर: जाणार नाही. एसटीच्या दोन गाड्या सोडल्या म्हणून एक प्रवासी अर्धा-अर्धा दोन्हीत बसून लवकर पोचत नाही. एक कॉपी म्हणजे एक प्रवासी, आणि ११० एमबी म्हणजे एका गिगाबिट लिंकची गच्च भरलेली गाडी. शिवाय तुमच्या संगणकाची स्विचपर्यंतची केबल एकच असेल, तर नॅसकडे चार बांधून उपयोग काय? चार एडिटर एकाच वेळी नॅसवर काम करतात तेव्हा तुमच्या बाँडचा फायदा दिसेल. एकट्याने कधीच दिसणार नाही.

एकट्याला वेग हवा असेल तर दोन वाटा. संगणकालाही दोन पोर्ट असतील तर बाँड मोडा, नॅसच्या पोर्टना वेगवेगळे आयपी द्या आणि एसएमबी मल्टिचॅनल (विंडोजच्या फाइल-शेअरिंगमधली सोय) चालू करा. विंडोज ८ पासून आहे ते. ते एकच कॉपी अनेक जोडण्यांत फोडतं, म्हणून जमतं. नाहीतर सरळ २.५ गिगाबिटचा स्विच आणि कार्ड घ्या. भिंतीतली कॅट-५ई केबल धड असेल तर तीच चालते. मी तुमच्या जागी असते तर दुसरी वाट धरली असती, कमी कटकटीची आहे.

प्रश्न: अमरावतीच्या एका कॉलेजात नेटवर्क बघतो. कोअरला (नेटवर्कच्या मध्यभागी) सिस्कोचा स्विच, तिथून लॅबच्या सिस्को स्विचला दोन केबलचा पोर्ट-चॅनल. कोअरवर आधीच्या सरांनी मोड ‘ऑन’ ठेवला होता. मी लॅबकडे ‘ॲक्टिव्ह’ दिला, तर थोड्या वेळात कोअरचे दोन्ही पोर्ट एरर-डिसेबल झाले, म्हणजे स्विचने स्वतःच बंद केले. आणि तिसरी केबल जोडली तर वेग तिप्पट होईल का?

उत्तर: ‘ऑन’ म्हणजे कोणाला न विचारता बांधून टाकलेलं. तो एलएसीपी बोलतच नाही. लॅबचा स्विच ‘ॲक्टिव्ह’ असल्याने उत्तराची वाट बघतो, उत्तर येत नाही, मग तो पोर्ट सुटे वापरतो किंवा सस्पेंड करतो. सुटे वापरले की कोअरच्या मते एक लिंक, लॅबच्या मते दोन. यातून लूप (पाकिटं गोल गोल फिरत राहणं) होण्याआधी कोअरच्या मिसकॉन्फिग गार्डने पोर्ट पाडले. चांगलंच केलं. आधीच्या सरांवर रागावू नका, पण ‘ऑन’ मात्र ठेवू नका. ॲक्टिव्ह-ॲक्टिव्ह चालतं, ॲक्टिव्ह-पॅसिव्ह चालतं, पॅसिव्ह-पॅसिव्ह चालत नाही, कारण दोघंही ‘आधी तुम्ही’ म्हणत बसतात. डोक्याला ताप नको, दोन्हीकडे ॲक्टिव्ह.

लॅबमध्ये कुणी नसताना दोन्हीकडचे पोर्ट शट करा, जुना चॅनल-ग्रुप काढा, ‘चॅनल-ग्रुप १ मोड ॲक्टिव्ह’ द्या आणि मग उघडा. व्हीलॅन, ट्रंक वगैरे जे काही बदलायचं ते पोर्ट-चॅनलवर बदला. एकेका पोर्टवर हात घातलात आणि दोन पोर्टची सेटिंग वेगळी झाली की त्यातला एक बाहेर. नंतर ‘शो ईथरचॅनल समरी’ बघा. ग्रुपपुढे कंसात ‘एसयू’ आणि प्रत्येक पोर्टपुढे ‘पी’ हवा. पोर्टपुढे ‘आय’ म्हणजे तो सुटा आहे, छोटा ‘एस’ म्हणजे सस्पेंड. कोअर राउटिंग करत असेल आणि आयपी थेट पोर्ट-चॅनलवर असेल तर ‘एसयू’ऐवजी ‘आरयू’ दिसेल, घाबरू नका.

तीन केबलचं म्हणाल तर तुमचा स्विच जुना कॅटॅलिस्ट असेल तर हॅशचे आठ कप्पे असतात आणि ते तीन लिंकवर ३:३:२ असे वाटले जातात. चालतं, पण मी दोन किंवा चारच घालते.

प्रश्न: आमच्या जुन्या स्विचवर ८०२.३एडी लिहिलंय, दुकानदार दाखवतो त्या नव्यावर ८०२.१एएक्स. एकमेकांशी जमेल का? (सोलापूर)

उत्तर: जमेल, एकाच गोष्टीची ती दोन दप्तरं. केबल बांधायची युक्ती १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला कल्पना नावाच्या अमेरिकी कंपनीत निघाली. विनोद भारद्वाज तिचे एक संस्थापक. १९९४ मध्ये सिस्कोने ती विकत घेतली. सगळ्या कंपन्यांना चालेल असा ८०२.३एडी २००० मध्ये आला, आणि २००८ मध्ये आयईईईने तोच विषय ८०२.१एएक्स या नावाखाली हलवला. मेनूंमध्ये जुनं नाव चिकटून राहिलंय, तेवढंच. दुकानदाराला विचारायचं ते वेगळंच आहे: यात एलएसीपी आहे, की नुसतं स्टॅटिक लॅग (वरच्या ‘ऑन’सारखं, न बोलता बांधलेलं)? स्वस्तातल्या काही स्मार्ट स्विचवर स्टॅटिकच मिळतं. खोक्यावर विश्वास ठेवू नका, दुकानातच लॉगिन करून मेनू बघा.