सीआयएसमधील फौजदारी नोंदी: लिपिकांच्या प्रश्नांना उत्तरे

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील न्यायालयीन कर्मचाऱ्यांनी आणि काही वकिलांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी या वेळी फक्त फौजदारी बाजूचे प्रश्न घेतले आहेत. दिवाणी दाव्यातील नोंद एक दिवस उशिरा झाली, तर बहुधा पक्षकाराची एक खेप वाया जाते. फौजदारीत मात्र तीच नोंद कोणाच्या तरी कोठडीशी जोडलेली असते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, पुणे केंद्राने तयार केलेली केस इन्फर्मेशन सिस्टीम, म्हणजे आपण रोज वापरतो ती सीआयएस, या दोहोंत फरक करत नाही. तो फरक लिपिकानेच ध्यानात ठेवावा लागतो.

शिरपूर तालुक्यातून एक कनिष्ठ लिपिक विचारतात: पैरवी अंमलदार (न्यायालयीन काम पाहणारे पोलीस) पुष्कळदा दोषारोपपत्र शेवटच्या दिवशी संध्याकाळी आणतात. बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांचे काम, चालू असल्याने आम्ही ते ठेवून घेतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फायलिंग करतो. यात काही चूक आहे का?

चूक आहे, आणि ती साधी नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या, कलम 187 नुसार तपास 60 दिवसांत पूर्ण झाला नाही, आणि फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात 90 दिवसांत पूर्ण झाला नाही, तर कोठडीतील आरोपीला जामिनावर सुटण्याचा हक्क मिळतो. हे दिवस अटकेपासून नव्हे, तर पहिल्या रिमांडपासून, म्हणजे न्यायालयाने आरोपीला पहिल्यांदा कोठडीत पाठवल्यापासून, मोजतात, आणि रिमांडचा दिवसही त्यात धरायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये कपिल वाधवान प्रकरणात स्पष्ट केले आहे. पहिला रिमांड 1 मार्चला झाला असेल, तर साठावा दिवस 29 एप्रिल हा येतो. त्या संध्याकाळी पावणेसहाला दोषारोपपत्र तुमच्या टेबलावर आले आणि त्याचे फायलिंग 30 एप्रिलला झाले, तर संगणक तारीख दाखवणार 30 एप्रिलची. त्याच सकाळी न्यायालय उघडताच आरोपीचे वकील जामिनाचा अर्ज देतात, सोबत केस स्टेटसची प्रिंट जोडतात, आणि सरकारी वकील दोषारोपपत्रावरील तुमचा शिक्का दाखवतात. दोन कागद, दोन तारखा, आणि दोन्ही तुमच्याच कार्यालयाच्या.

अर्ज आधी आला की दोषारोपपत्र आधी आले, यावर सगळे अवलंबून असते. त्यामुळे तारखेइतकीच वेळही महत्त्वाची आहे. दोषारोपपत्र हातात येताच तारीख, वेळ आणि सही घाला, आवक नोंदवहीत लिहा, आणि त्याच संध्याकाळी किमान पोलीस ठाणे, गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर), वर्ष आणि आरोपींची नावे भरून फायलिंग करा. पानांची छाननी, मुद्देमालाची यादी, साक्षीदारांचे पत्ते हे दुसऱ्या दिवशी पाहता येते. सर्व्हर बंद असेल, तर तसे लेखी टिपण त्याच दिवशी अधीक्षकांकडे द्या आणि न्यायाधीश महोदयांच्या नजरेस आणा. नंतर मागची तारीख टाकण्याच्या भानगडीत मात्र कधीही पडू नका. जामीन द्यायचा की नाही हे न्यायाधीश ठरवतील. कागद केव्हा आला हे तुमच्याशिवाय दुसरे कोणी सांगू शकत नाही.

नंदुरबार जिल्ह्यातून एक वरिष्ठ लिपिक: जून 2024 मध्ये घडलेल्या गुन्ह्याचे दोषारोपपत्र 2025 मध्ये आले. कायद्याच्या रकान्यात भारतीय दंड संहिता निवडावी की भारतीय न्याय संहिता? दोन्ही टाकले तर चालेल का?

दोन्ही टाकू नका, आणि मनाने रूपांतरही करू नका. दोषारोपपत्रावर जो कायदा आणि जे कलम आहे तेच भरायचे. नवे कायदे 1 जुलै 2024 पासून लागू झाले, त्यामुळे त्याआधी घडलेला गुन्हा जुन्या दंड संहितेखालीच येतो. त्या दिवशी प्रलंबित असलेली प्रकरणे जुन्या प्रक्रिया संहितेप्रमाणे पुढे चालवण्याची तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 531 मध्ये आहे.

यादीतून कायदा निवडताना बोट एक ओळ खाली घसरले, तर काय होते ते पाहा. दंड संहितेचे कलम 302 म्हणजे खून. न्याय संहितेत खुनाची शिक्षा कलम 103 मध्ये आहे आणि तिथले 302 हे धार्मिक भावना दुखावणारे शब्द उच्चारण्यासंबंधीचे आहे. खुनाचा खटला संगणकावर भलत्याच गुन्ह्याचा होऊन बसतो आणि बोर्डावर, वॉरंटवर, आकडेवारीत तसाच छापला जातो. 420 चे त्या मानाने बरे, कारण न्याय संहितेत एकूण कलमेच 358 असल्याने ही चूक लगेच लक्षात येते. फसवणुकीसाठी तिथे 318(4) पाहावे. चोरीचे 379 आता 303(2) झाले आहे. दारूबंदी अधिनियमाचे 65(ई) आणि जुगार प्रतिबंधक कायद्याचे 12(अ), ज्यांनी आपल्याकडील समरी केसेसचे (संक्षिप्त पद्धतीने चालणाऱ्या खटल्यांचे) गठ्ठे भरलेले असतात, ती कलमे जशीच्या तशी आहेत.

कलम चुकीचे वाटले, तर छाननीच्या टिपणात तसे लिहून ते न्यायाधीशांसमोर ठेवावे. दुसरे असे की, दोषारोप ठेवताना न्यायालय एखादे कलम वगळते किंवा वाढवते, पण संगणकावर दाखल करतेवेळची कलमेच शेवटपर्यंत राहतात. दोषारोप निश्चित झाला त्याच दिवशी ती दुरुस्त करून घ्यावीत.

अमळनेरहून एक बेंच लिपिक: साहेब रजेवर असले की प्रभारी न्यायालयाकडून सगळ्या बोर्डाला पुढची तारीख घेतो आणि सीआयएसमध्ये एकगठ्ठा नोंद करतो. तरीही काही प्रकरणे ‘अनडेटेड’ दिसतात. काय करावे?

अनडेटेड प्रकरणांचा उपाय सोपा आहे: पुढची तारीख न भरलेल्या प्रकरणांची यादी आठवड्यातून एकदा काढून कपाटातल्या फाइलींशी ताडून पाहा. बहुतेक वेळा वेगळा काढलेला खटला, वरच्या न्यायालयात गेलेले रेकॉर्ड किंवा फरारी आरोपीमुळे डॉर्मंट फाईलवर (तो सापडेपर्यंत बाजूला) घेतलेले पण संगणकावर तसे न दाखवलेले प्रकरण, यांपैकी काहीतरी निघते.

मला काळजी वाटते ती एकगठ्ठा नोंदीची. खटला चालू असताना आरोपीला एका वेळी 15 दिवसांपेक्षा अधिक काळ कोठडीत पाठवता येत नाही. रजेच्या दिवशी सगळ्या बोर्डाला सहा आठवड्यांनंतरची तारीख दिली आणि त्यात दोन आरोपी जिल्हा कारागृहात असले, तर ते सहा आठवडे कोणत्या आदेशाने आत राहिले, याचे उत्तर रोजनाम्यात (प्रकरणाच्या तारीखवार नोंदीत) सापडणार नाही. म्हणून सकाळी बोर्ड हाती घेतल्याबरोबर कोठडीतील आरोपींची प्रकरणे वेगळी काढा, ती प्रभारी न्यायालयापुढे स्वतंत्रपणे ठेवा, आणि मगच उरलेल्यांना एकगठ्ठा तारीख भरा. कोठडीच्या प्रकरणांवर लाल फ्लॅग लावण्याची जुनी पद्धत काही न्यायालयांत संगणक आल्यावर बंद पडली. ती पुन्हा सुरू करावी असे माझे स्पष्ट मत आहे.

एकगठ्ठा नोंदीत टप्पाही एकच जातो, हेही पाहा. साक्षीपुराव्याला असलेले प्रकरण ‘आरोपी हजेरी’त गेले, की साक्षीदारांना समन्स काढायचे राहून जाते आणि पुढची तारीखही वाया जाते.

शहाद्याहून एक वकील: अशील म्हणतो केस आहे, पण नावाने शोधल्यास सापडत नाही.

नावाने शोधण्याच्या फंदात पडू नका. पोलीस ठाणे, गु.र.नं. आणि वर्ष टाकून शोधा. सोळा अंकाक्षरांचा सीएनआर, म्हणजे प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र संगणकीय क्रमांक, हाती असेल तर उत्तमच. आपल्या भागात पावरा हे आडनाव रोमन लिपीत कोणी ‘डब्ल्यू’ने लिहितो, कोणी ‘व्ही’ने, आणि कोणी मध्ये एक ‘ए’ जादा घालतो; वसावे, वळवी यांचेही तसेच.

लिपिकांनी यातून घ्यायचे ते असे की, दोषारोपपत्रावरील नाव मराठीत जसेच्या तसे भरावे, ‘ऊर्फ’ असलेले नाव त्याच्या वेगळ्या रकान्यात टाकावे, आणि वडिलांचे नाव, वय, गाव व तालुका रिकामे सोडू नयेत. जळगाव जिल्ह्यात एका गावात एकाच नावाचे तीन-तीन पाटील असतात. अजामीनपात्र वॉरंट संगणकातूनच छापले जाते आणि त्यावर वडिलांचे नाव नसेल, तर पोलीस जो घरी सापडेल त्याला घेऊन येतात.

चोपड्याहून एक लिपिक: खटला सत्र न्यायालयाकडे वर्ग केल्यावर जुना सीएनआर चालतो का?

नाही. सीएनआरमध्ये राज्य, जिल्हा आणि न्यायालयीन आस्थापनेचे संकेत असतात; सत्र न्यायालयाची आस्थापना वेगळी असल्याने तिथे नवा क्रमांक पडतो. आपल्याकडील आर.सी.सी. (नियमित फौजदारी खटला) ‘कमिट’ या प्रकाराने निकाली दाखवावी, आणि सत्र खटल्याच्या नोंदीत कनिष्ठ न्यायालयाचा क्रमांक भरला गेला ना, याची सत्र न्यायालयाच्या लिपिकाकडून खात्री करून घ्यावी. तो धागा तुटला, की कारागृहाकडे जुना क्रमांक आणि न्यायालयाकडे नवा, अशी स्थिती होते आणि जामिनाचा आदेश ईमेलने गेला तरी तो कोणत्या बंद्याचा, हे शोधण्यात दिवस जातो.

धुळ्याहून एक सहायक अधीक्षक: पोक्सोच्या (बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या) प्रकरणात फिर्यादी आईचे नाव पक्षकार म्हणून भरावे का?

भरू नये. पोलीस प्रकरणात फिर्यादी पक्ष महाराष्ट्र शासन, संबंधित पोलीस ठाण्यामार्फत, असाच असतो. आईचे नाव आणि गाव एकत्र आले की मुलीची ओळख झाकलेली राहत नाही. पीडितेची ओळख उघड करण्यास कायद्याने मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या निपुण सक्सेना निकालात याबाबत सविस्तर निर्देश दिले आहेत. अपलोड करावयाच्या आदेशातही नाव, गाव, शाळा यांपैकी काही राहिले आहे का, ते लघुलेखक आणि लिपिक या दोघांनी वाचून पाहावे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार निकालाची प्रत शक्यतो सात दिवसांत पोर्टलवर टाकायची असते. तेवढा वेळ या वाचनाला पुरतो.

भुसावळहून मुद्देमाल लिपिक: मुद्देमालाची नोंदवही संगणकाशी कशी जोडावी?

नोंदवहीतील प्रत्येक ओळीपुढे सीएनआर लिहा, आणि निकालातील मुद्देमालाविषयीचा आदेश वाचल्याशिवाय प्रकरण अभिलेख कक्षाकडे पाठवू नका. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 497 प्रमाणे माल न्यायालयासमोर आल्यापासून 14 दिवसांत त्याचे वर्णनपत्र करायचे, छायाचित्र काढायचे आणि वर्णनपत्रानंतर 30 दिवसांत विल्हेवाटीचा आदेश व्हायचा आहे. पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत पडलेल्या मोटारसायकलींपासून सुरुवात करा. त्यांतील कित्येकींच्या केसेस कधीच निकाली निघालेल्या असतात आणि आदेशही झालेला असतो, फक्त तो ठाण्याला कळवलेला नसतो.