टुंड्रातील वणवे: ‘हवा’ की ‘हवामान’?

‘टुंड्रातील वणवे हवामानामुळे लागतात’ हे विद्यार्थ्याचे उत्तर बरोबर धरावे काय, कारण पाठ्यपुस्तक हवा आणि हवामान वेगळे शिकवते, असे लातूरच्या एका शिक्षिकेने विचारले आहे. (टुंड्रा म्हणजे उत्तर ध्रुवाजवळचा, जवळजवळ झाडे नसलेला थंड प्रदेश.)

माझ्या मते ते अर्धे बरोबर आहे. मराठवाड्यात जून ते सप्टेंबर बेभरवशाचा पाऊस पडतो, हे इथले हवामान. एखाद्या वर्षी श्रावणात उघडीप पडली, तर ती हवा. बोलताना आपण ‘आज हवामान ढगाळ आहे’ असेच म्हणतो आणि त्यात काही वावगे नाही, मात्र कारणे सांगायची असतील तेव्हा हा भेद पाळावाच लागतो.

टुंड्रात जळण किती साचावे, हे हवामान ठरवते. थंडीमुळे तिथे वनस्पतींचे अवशेष फार सावकाश कुजतात, म्हणून त्यांचे जाड थर साठतात. पण खालची जमीन कायम गोठलेली असल्याने पाणी मुरत नाही आणि हे जळण सहसा ओलेच राहते. अलास्कात ज्या भागात जुलैचे दीर्घकालीन सरासरी तापमान सुमारे १३.४ अंश सेल्सिअसच्या वर असते, तिथे वणव्याची शक्यता झपाट्याने वाढते.

ते जळण एखाद्या वर्षी पेटेल की नाही, हे मात्र हवेवर अवलंबून असते. आपल्या काळ्या मसाल्यात पडते त्या दगडफुलाचे अनेक भाईबंद टुंड्रावर पसरलेले असतात. त्यांना मुळे नसतात. ओलावा ते थेट भोवतालातून घेतात आणि तितक्याच लवकर गमावतात, त्यामुळे थोड्या दिवसांच्या कोरड्या उन्हानंतर वीज पडली तरी पुरते. २००७ च्या जुलैत अलास्कातील अनाक्तुवुक नदीच्या परिसरात विजेने लागलेली आग बरेच दिवस धुमसत राहिली, आणि एरवी जमीन ओली व्हावी त्या सप्टेंबरात कोरडे, जोराचे वारे सुटल्यावर ती भडकली. सुमारे १,००० चौरस किलोमीटर टुंड्रा जळाला. (झाडे नसली तरी ‘वणवा’ हा शब्द चालतो, बालाघाटच्या डोंगरावरचे वाळलेले गवत पेटले तरी आपण वणवाच म्हणतो.)

म्हणून उत्तरात ‘हवामान आणि त्या काळातील हवेची स्थिती’ असे दोन्ही यावे. नुसते ‘हवा’ लिहू नये, कारण ‘हवा सुटली’ म्हटले की आपल्याकडे वाराच समजतात.