बॉट, वेठ आणि सोंग

प्रश्न : गेममध्ये कॉम्प्युटर चालवतो ती पात्रं हल्ली हुबेहूब माणसासारखी वागतात. त्यांना मराठीत 'अ-खेळाडू पात्र' म्हणावं का?

नका म्हणू, हात जोडतो. 'नॉन-प्लेयर कॅरेक्टर' हा इंग्रजी शब्द फोडून तुकड्यातुकड्याला संस्कृत टोपी घातली की परिभाषा होत नाही. आणि तुमच्यावर धडाधड गोळ्या झाडणारा 'अ-खेळाडू' कसा? पोरं 'बॉट' म्हणतात, ते बरं. फक्त 'बोट' लिहू नका. बोट दाखवायला असतं, नाहीतर मांडव्याला जायला.

बॉट हे रोबॉटचं शेपूट. कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२०च्या नाटकातून तो शब्द जगभर गेला. सुचवला त्याचा भाऊ योसेफने. चेक 'रोबोता' म्हणजे कुळांनी जमीनदाराकडे सक्तीने, फुकट करायचं काम. अहो, ही तर आपली वेठ! संस्कृत 'विष्टि'ची वेठ झाली, फारसी 'बेगार' तिला येऊन चिकटली आणि वेठबिगार तयार. म्हणजे रोबॉट हा चक्क वेठ्या! 'संपकऱ्यांनी प्रवाशांना वेठीस धरलं' असं रोज छापणाऱ्यांनी सांगावं, प्रवाशांनी कुणाची शेतं नांगरली? हा अर्थविस्तार आहे, असं जाणकार मला समजावतात. समजावोत बापडे.

राहिलं माणसासारखं वागणं. ते सोंग, 'स्वांग'वरून आलेलं. सोंगटी ही सोंगाचीच लेक, असं मी २० वर्षं सांगतोय. पटावर तुमचं सोंग घेऊन उभी राहते ती सोंगटी! पुरावा मागू नका. व्युत्पत्तीवाल्यांना ध्वनिनियम दिसतात, पट दिसत नाही.

सोंग वठतं कशाने, ते २०१२च्या बॉटप्राइझ स्पर्धेत दिसलं. 'अनरिअल टूर्नामेंट २००४' या गेममध्ये माणसं आणि बॉट एकत्र सोडले. समोरचा माणूस की बॉट, ते ओळखायचं. दोन बॉट निम्म्याहून अधिक वेळा माणूस ठरले. माणूस ठरण्यात खऱ्या माणसांची सरासरी मात्र ४० टक्क्यांच्या आसपास रेंगाळली! त्यातला टेक्सास विद्यापीठाचा बॉट स्वतःचं नुकसान होत असतानाही एखाद्याच्या मागे हात धुऊन लागायचा. याला मराठीत डूख धरणं म्हणतात. अचूक नेम कुठलंही यंत्र साधेल. डूख धरायला माणूस लागतो, नाहीतर नाग.

हां, तुमचा प्रश्न. शब्द हवाच असेल तर 'सोंगाड्या' घ्या. तमाशात तोही मुद्दामच चुकतो.