विचारा, सांगतो : डार्क मॅटर आणि लेझर

प्रश्न : डार्क मॅटर (न दिसणारं, फक्त गुरुत्वाच्या ओढीने जाणवणारं द्रव्य) प्रकाशाला दादच देत नाही म्हणतात. मग ते लेझरने शोधताहेत, हे काय प्रकरण आहे? आणि त्या पेटावॅट लेझरला आपल्या कोराडीची सगळी वीज लागत असेल ना? – एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : विजेचं आधी उरकतो. पेटावॅट म्हणजे एकावर 15 शून्यं इतके वॅट. कोराडी आणि खापरखेडा ही दोन्ही वीजकेंद्रं मिळूनही त्याच्या पासंगाला पुरायचे नाहीत. पण राजेहो, ही ताकद टिकते किती वेळ? इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात 150 टेरावॅटचा (टेरावॅट म्हणजे पेटावॅटचा हजारावा भाग) लेझर आहे. असा झोत 25 फेम्टोसेकंद टिकला (सेकंदाचे एकावर 15 शून्यं इतके तुकडे केले, तर त्यातला एक म्हणजे फेम्टोसेकंद), तर त्यात ऊर्जा भरते जेमतेम 4 जूल. तेवढ्यात ग्रॅमभर पाणी एखादा अंश तापेल. चहाचं नाव काढू नका!

आता मुद्द्याचं. प्रकाशाला दाद न देणं हे दुर्बिणीतून दिसतं तेवढ्यापुरतं खरं. डार्क मॅटर ज्यांचं बनलेलं असू शकतं, ते अ‍ॅक्सिऑनसारखे अतिहलके कण (कल्पना 1977-78ची) दोन फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, एकत्र येऊन तयार होऊ शकतात आणि फुटून पुन्हा दोन फोटॉन देऊ शकतात, असं सिद्धांत सांगतो. फक्त हे इतकं क्वचित घडणार, की टिचभर जागेत फोटॉनची तोबा गर्दी केल्याशिवाय आशाच नको.

हिरोशिमा विद्यापीठाचे केन्सुके होम्मा आणि सहकारी हेच करतात. निर्वात पेटीत दोन अदृश्य अवरक्त झोत एकाच बिंदूवर आणायचे. समजा 800 आणि 1064 नॅनोमीटर तरंगलांबीचे (तरंगलांबीवरून रंग ठरतो). पहिल्यातल्या दोन फोटॉनांचा कण बनला, तर दुसरा झोत त्याला फुटायला भाग पाडतो. फुटताना एक फोटॉन 1064चा निघतो, उरलेली ऊर्जा दुसऱ्याकडे जाते. हिशेब मांडून बघा : सुमारे 641 नॅनोमीटर. म्हणजे चक्क लाल! पेटीत न सोडलेला रंग बाहेर येतो. पहिल्या झोताची ऊर्जा दुप्पट केली की हा संकेत चौपट होतो. मोठ्या लेझरचा हट्ट त्यासाठीच.

खरी डोकेदुखी वेगळीच. पेटीत उरलेल्या हवेचे अणूही नेमका तोच लाल उजेड देतात. म्हणून दाब उतरवत न्यायचा. हवेचा उजेड त्यासरशी मावळतो, कणाचा मात्र तसाच राहायला हवा. आजवर असा चिवट लाल फोटॉन हाती लागलेला नाही. अमुक वस्तुमानाचा कण असलाच तर त्याचं प्रकाशाशी नातं याहून कमजोर आहे, एवढीच मर्यादा दरवेळी खाली सरकते.

बातम्यांत एक गोष्ट हमखास गाळतात. इथे आकाशगंगेतलं डार्क मॅटर कुणी पकडत नाही, कण पेटीतच घडवायला बघतात. उद्या तो सापडला, तरी आकाशगंगेभोवती पसरलेलं ते हेच का, हे वेगळं सिद्ध करावं लागेल. त्या कामाला लेझर पुरणार नाही.